बुधीचा पाला

बुधी दारात आली की नर्मदाची नजर आधी तिच्या हाताकडे जायची. हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला हिरवा गोळा असायचा, ठेचलेल्या पाल्याचा, मोठ्या लिंबाएवढा. नर्मदाला खटकायचं ते हेच. पाला ठेचूनच का आणायचा? सबंध पानं आणली असती तर कशाची आहेत ते कळलं असतं. ठेचलेल्या गोळ्यात काय काय मिसळलंय ते कुणाला कळणार?

एकदा तिनं सरळ विचारलं.

"बुधे, कशाचा पाला म्हणायचा हा?"

"दवेचा."

"दवेचा ते कळलं. झाडाचं नाव काय?"

बुधीनं डोक्यावरची लाकडाची मोळी भिंतीला टेकवली आणि पदरानं मान पुसली. "नाव सांगायचा नाय, बाय. नाव सांगला का गुण जातो."

एवढ्यात आतून अक्का आल्या. त्यांनी गोळा ओंजळीत घेतला, कपाळाला लावला आणि बुधीच्या पदरात ओंजळभर तांदूळ घातले. नर्मदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बुधीनं मात्र जाता जाता पाहिलं. ते पाहणंही नर्मदाला आवडलं नाही.

भगवंत, नर्मदाचा नवरा, मूळचा कराडकडचा. कोयनेच्या धरणावर तो क्रेन चालवायला शिकला आणि ते काम संपल्यावर तारापूरला अणुवीजघर उभं राहतंय असं कळून इकडे आला. समुद्रकाठच्या त्या उजाड जागेवर तेव्हा नुसता लोखंडाचा आणि काँक्रीटचा डोंगर चढत होता. कामगारांसाठी बोईसरच्या आसपास खोल्या मिळत. भगवंतनं सरावलीत पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या घेतल्या. बायको आणली आणि थोरली बहीण सुगंधाक्काही आणली. अक्का लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. आई गेल्यावर भगवंतला त्यांनीच वाढवलं होतं. त्यामुळे घरात शब्द चालायचा तो अक्कांचा. भगवंत क्रेनच्या केबिनमध्ये बसून दहा माणसांना न हलणारं ओझं बोटाएवढ्या दांडीनं उचलायचा, पण घरी अक्कांपुढे त्याची मान वर व्हायची नाही.

प्रोजेक्टवर सगळ्या क्रेनवाल्यांची तपासणी झाली, तेव्हा भगवंतचं ब्लडप्रेशर फार वर निघालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "रोज एक गोळी घ्यायची, मीठ कमी करायचं. तुम्ही वर बसता, खाली माणसं काम करतात. पुढच्या तपासणीत प्रेशर उतरलं नाही, तर मला तुम्हाला क्रेनवरून उतरवावं लागेल."

भगवंत त्या दिवशी नीट जेवला नाही. क्रेन म्हणजे त्याचा जीव की प्राण. वरून एका अंगाला समुद्र दिसतो, घिवलीच्या होड्या दिसतात, असं तो नर्मदाला नेहमी सांगायचा. खाली उतरून लोखंड मोजत बसायचं या कल्पनेनंच त्याचा चेहरा उतरला.

गोळ्या सुरू झाल्या. बाटलीभर, इवल्याशा, पांढऱ्या. चार-आठ दिवसांत त्याचं नाक चोंदायला लागलं आणि जेवण झालं की डोळे मिटायला लागले. अक्कांनी ते पाहिलं आणि त्यांनी गोळ्यांवर दात धरला. "असला तरणाताठा गडी, आन् म्हाताऱ्यावानी पेंगतूय. इख हाय त्यात, इख!" बोईसरच्या बाजारात त्यांची बुधीशी गाठ पडली. कुंभवलीच्या पलीकडे टेकडीला लागून वारल्यांचा पाडा होता, तिथली ही बाई. झाडपाल्याचं जाणते, बाळंतपणं करते, असं चार बायकांनी सांगितलं. अक्का गोळा घेऊनच घरी आल्या.

"भगवंता, गोळ्या बंद. आजपासनं ह्यो रस घ्यायचा."

भगवंतनं नर्मदाकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं अक्का. बंद."

नर्मदाच्या वडिलांनाही हाच आजार होता. गावच्या वैद्यानं त्यांना वर्षभर काढे पाजले, आणि एका सकाळी अंघोळीला बसलेला माणूस एका अंगानं लुळा पडून उचलावा लागला. पुढे ते बोललेच नाहीत. जाईपर्यंत नुसते बघायचे. ते बघणं नर्मदाच्या मनातून गेलं नव्हतं. पण अक्कांना हे सांगून काय उपयोग? "तुझ्या वडलांचं निराळं," एवढ्यावर त्या विषय संपवायच्या.

मग नर्मदानं आपला मार्ग काढला. सकाळी अक्का पाल्याचा गोळा पाट्यावर वाटायच्या, फडक्यातून पिळून पेल्यात रस धरायच्या, पेल्यावर ताटली झाकायच्या आणि देवापुढे बसायच्या. पेला भगवंतच्या हातात द्यायचं काम नर्मदाचं. अक्कांची पोथी सुरू झाली की ती तांदळाच्या डब्यामागे ठेवलेली बाटली काढायची, एक गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायची आणि रसात ढवळायची. रस इतका कडू की त्यात काहीही खपून जायचं. भगवंत डोळे मिटून एका दमात प्यायचा आणि गुळाचा खडा तोंडात टाकून ट्रक गाठायला पळायचा.

आपण चोरी करतोय असं तिला वाटलं नाही. उलट मनातून बरं वाटायचं. रस अक्कांच्या समाधानासाठी, गोळी नवऱ्याच्या जिवासाठी. दोन्ही एका पेल्यात.

पुढच्या तपासणीत प्रेशर उतरलेलं निघालं. भगवंत हसत घरी आला. "अक्का, उतरलं गं!" अक्कांनी सगळ्या चाळीत साखर वाटली. "माझ्या भावाला पाल्यानं उतार पडला" हे त्या नळावर, दुकानात, बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटल्या. नर्मदा मान खाली घालून ऐकायची आणि ओठ दाबायची. कुणामुळे उतार पडला ते तिला ठाऊक होतं. एकदोनदा शब्द अगदी जिभेवर आले होते. पण ते बोलणं म्हणजे घरात आग लावणं.

शेजारच्या खोलीतल्या हंसाच्या सासऱ्यांनाही प्रेशर होतं. पालघरच्या डॉक्टरचं औषध चालू होतं. त्यांनीही बुधीकडून गोळा घ्यायला सुरुवात केली. नर्मदाला ते थोडं बोचलं, पण तेव्हा तिला ते फार मोठं वाटलं नाही.

शिमगा झाला, उन्हं तापली, आणि भगवंत बदलायला लागला.

आधी तो गप्प झाला. कामावरून आला की बाजेवर बसून भिंतीकडे बघत राहायचा. नाक कायम चोंदलेलं. उठताना एकदम डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग दाराची चौकट धरून उभा राहायचा. एकदा जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नर्मदा घाबरली. "अहो, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"नाही. काहीच नाही. उगीच. भरून आलं."

असा तो माणूस नव्हता. कोयनेवर त्याच्या डोळ्यांदेखत दरड कोसळली होती, तरी डोळ्यात टिपूस आलं नव्हतं म्हणे.

नर्मदाच्या मनात एकच गोष्ट घुमायला लागली. पाला. गोळी तर पहिल्यापासून होतीच, तेव्हा फार तर पेंग यायची, असं रडू आलं नव्हतं. म्हणजे पाल्यात काहीतरी बदललंय. ती गोळा हातात घेऊन उजेडात न्याहाळायची. पूर्वीपेक्षा काळपट दिसतोय का? वास वेगळा येतोय का? कधी वाटायचं येतोय, कधी वाटायचं नाही. एकदा तिनं त्यातला तुकडा मोडून चाळीतल्या शेळीला घातला. शेळीनं तो खाल्ला आणि आणखी मिळेल म्हणून दिवसभर तिच्या दारात बेंबाटत राहिली. त्यानंही तिचं समाधान झालं नाही. शेळीचं काय, ती रुईही खाते.

बुधी आली की ती आता दारातून हलायची नाही. बुधी काय बोलते, कुठे थुंकते, उंबऱ्याला हात लावते का, सगळं बघायची. एके दिवशी बुधीनं विचारलं, "मालक बरा हाय ना?"

"का गं? बरा नसेल असं वाटलं का तुला?" नर्मदा फटकन म्हणाली.

"इच्यारला फकस्त," बुधी म्हणाली आणि मोळी उचलून गेली.

हंसाला सांगितलं तेव्हा हंसानं आवाज बारीक केला. "वहिनी, पाड्यावरच्या काही बायका भुताळी असतात म्हणे. माणसाला आतून पोखरतात. आमच्या मामंजींना म्हटलं मी, नका घेऊ. पण ऐकतात कुठे? पालघरची गोळी तर त्यांनी कधीच टाकली."

संशय असा की तो एका जागी बसत नाही. कधी नर्मदाला वाटायचं, बुधीला यात मिळतं काय? ओंजळभर तांदूळ. मग तिला अक्कांचाच संशय यायचा. भाऊ मुठीत राहावा म्हणून तर हे चाललं नसेल? त्या रस वाटताना पाठ करून का बसतात? मग स्वतःचीच लाज वाटायची. अक्का बिचाऱ्या भावाचे पाय चेपत बसायच्या आणि देवाला साकडं घालायच्या.

काहीही असो, पाला शरीराला बाधतोय आणि गोळी एकटी पुरी पडत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून ती रसात दोन गोळ्या घालू लागली.

आठवडाभरानं दुपारच्या वेळी प्रोजेक्टचा ट्रक चाळीपुढे थांबला आणि बन्सी उडी मारून उतरला. बन्सी खानदेशचा. क्रेनखाली ओझी बांधण्याचं काम करायचा आणि भगवंतला मोठ्या भावासारखा मानायचा. त्याच्या सदऱ्याला रक्त लागलं होतं.

"वहिनी, चला. दादा शिडीवरून पडला. जिवाला धोका नाही, पण चला."

क्रेनची शिडी उतरताना शेवटच्या काही पायऱ्यांवर भगवंतचे हात सुटले होते. खाली बन्सी होता म्हणून तो त्याच्या अंगावर आला, नाहीतर काँक्रीटवर पडला असता. तरी डावा हात मोडला आणि कपाळ फुटलं.

दवाखान्यात तो खाटेवर पडला होता, पांढराफटक. हाक मारली की डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. डॉक्टर पालघरला गेले होते, त्यांना निरोप धाडला होता. कंपाउंडर तेवढा होता. "प्रेशर फार खाली गेलंय," तो म्हणाला. "पाय उंच करून ठेवलेत. घरी वेगळं काही खायला-प्यायला देत होता का?"

नर्मदा काही बोलायच्या आत बन्सी म्हणाला, "पाला! ती पाड्यावरची बाई पाला देते. दादा रोज त्याचा रस पितो."

"कशाचा पाला?"

कुणालाच सांगता येईना. नर्मदाबरोबर ट्रकनं आलेल्या अक्का भावाचे पाय चोळायला लागल्या.

"मग तो आणा. साहेब आल्यावर त्यांना दाखवावा लागेल."

गोळीचं नर्मदाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अक्का समोर होत्या, माणसं जमली होती. आणि गोळी तर डॉक्टरांचीच, तिचा काय दोष? ती म्हणाली ते निराळंच. "मला आधीपासूनच त्या बाईचा संशय होता."

त्या एका वाक्यानं बन्सीचं डोकं फिरलं. "ऐकलंत? भुताळीण आहे ती!" त्यानं चारपाच जणांना हाक मारली, सगळे ट्रकमध्ये चढले. नर्मदाही चढली. अक्काही मागोमाग आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही.

कुंभवली मागे टाकल्यावर ट्रक कच्च्या वाटेनं टेकडीपाशी गेला. पाडा म्हणजे कुडाची पाचसहा घरं, मध्ये मोहाचं एक झाड, त्याखाली कोंबड्या. पुरुषमाणूस कुणी नव्हतं. भात निघाल्यावर ते मिठागरांवर आणि वीटभट्ट्यांवर गेले होते. बुधी ओसरीवर बसून चटई विणत होती, तिची सून नवसी जात्यावर नागली दळत होती.

"ए बाई, काय पाजलंस आमच्या माणसाला?" बन्सी ओरडला.

बुधी उठली. तिनं नर्मदाकडे पाहिलं. "मेला का?"

"मेला नाही. मरता मरता वाचला. कुठाय तो पाला? दाखव."

बुधी आत गेली आणि टोपली घेऊन आली. टोपलीत दोन प्रकारची पानं होती. एक शेवग्याची, ती कुणीही ओळखली असती. दुसरी लांबट, मागून करडी, तशी नर्मदानं कधी पाहिली नव्हती.

"ह्यो शेवगा. दुसरा नाव नाय सांगायचा." तिनं दोन्हीची मूठ भरून तोंडात घातली आणि सगळ्यांच्या देखत चावून गिळली. "आमी बी खातो. माजी सून खाते. कुणी मेला नाय."

"तुला काय होणार? तूच करणी करणारी!" बन्सीनं तिचा दंड धरला. नवसी जातं सोडून धावली आणि सासूपुढे उभी राहिली. एकानं तिला ढकललं, ती कुडावर आपटली. कोंबड्या फडफडत पळाल्या. पाड्यातल्या दोन म्हाताऱ्या लांबूनच ओरडायला लागल्या.

बुधीनं दंड सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. नर्मदाकडे बघत ती म्हणाली, "पाला मी देते. वाटतो कोण? पाजतो कोण?"

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "वाटते मी. पाजते ही."

सगळ्यांच्या नजरा नर्मदाकडे वळल्या. "इथं नको," ती म्हणाली. "टोपली घ्या, हिलाही घ्या. डॉक्टरांपुढेच काय ते होऊ दे."

ट्रकमध्ये बुधी टोपली मांडीवर घेऊन खाली बसली आणि माणसं तिच्याभोवती उभी राहिली. ती पळून जाईल की काय असं. नर्मदा समोर बसली होती. बुधीच्या भेगाळलेल्या पायांशिवाय दुसरीकडे कुठे बघावं ते तिला कळत नव्हतं.

डॉक्टर आले होते. त्यांनी टोपलीतली पानं हातात घेतली, चुरगळून वास घेतला.

"हा शेवगा. हा दुसरा मला ओळखता येत नाही."

"यानं प्रेशर उतरतं का?" अक्कांनी विचारलं.

"थोडंफार उतरतही असेल. लोक देतात. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, तपासल्याशिवाय कसं सांगू? पण इतकं खाली, आणि ही गुंगी, हा उदासपणा..." ते थांबले. "हे मला पाल्याचं वाटत नाही. हे गोळ्या जास्त झाल्यासारखं दिसतंय. पण तो तर दिवसाला एकच घेत होता."

"गोळ्या तर त्यानं कवाच सोडल्या," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सोडल्या नव्हत्या. मीच त्याला दुसरी बाटली दिली. घरी बहिणीला चालत नाही, म्हणून क्रेनच्या केबिनमध्ये ठेवतो आणि डबा खाल्ला की एक घेतो, असं म्हणाला होता."

बन्सी म्हणाला, "हां. बाटली आहे वर. मी पाहिलीय. मला म्हणाला, घरी बोलू नकोस."

नर्मदानं खिडकीचा गज धरला. बाहेर पायरीवर बुधी बसली होती, टोपली तशीच मांडीवर. दोघे तिच्या डाव्या-उजव्या बाजूला उभे होते. तिला तहान लागली असावी. ती नळाकडे बघत होती, पण उठत नव्हती.

नर्मदाच्या मनात आलं, कुणाला ठाऊक आहे? तांदळाच्या डब्यामागची बाटली संध्याकाळी विहिरीत टाकली की संपलं. नवरा बरा होईल. अक्का पाला बंद करतील. सगळं होतं तसं होईल.

"साहेब, मग हिनंच पाल्यात काहीतरी घातलं असणार," बन्सी म्हणाला. "पोलिसात देऊ या. ट्रक उभाच आहे, पालघरला नेऊन सोडतो."

डॉक्टर कपाळ चोळत राहिले. ते नाही म्हणाले नाहीत.

"गोळी मी घालत होते," नर्मदा म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "रसात. रोज. घरातल्या बाटलीतली. यांनी गोळ्या सोडल्या असं वाटलं मला. म्हणून मी... आधी एक घालायचे. हे असे व्हायला लागले तेव्हा मला वाटलं पाल्यानंच होतंय. मग दोन घालायला लागले."

"म्हणजे दिवसाला तीन होत होत्या," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसता श्वास सोडला आणि कंपाउंडरला काहीतरी द्यायला सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही जी गोळी पाल्यात घालत होता ना, तीही एका झाडाच्या मुळीपासूनच करतात. तिचं प्रमाण ठरलेलं असतं, म्हणून ती औषध."

बन्सी बाहेर गेला. बुधीजवळच्या माणसांना त्यानं काहीतरी सांगितलं आणि ते बाजूला झाले. पण तो तिला काही बोलला नाही. बुधी उठली, नळाला तोंड लावून पाणी प्यायली आणि टोपली घेऊन चालायला लागली. तिला पाड्यावर परत सोडावं असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. नर्मदाच्या डोक्यात आलं, पण ती जागची हलली नाही.

अक्कांनी तिला एकच विचारलं. "माझ्या हातानं वाटलेल्या रसात?"

"वन्सं..."

"त्यो माझा भाऊ हाय. मला सांगायचं हुतंस. मी भांडले असते. भांडून भांडून गप झाले असते." आणि त्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या नर्मदाशी कामापुरतंच बोलल्या.

भगवंत शुद्धीवर आला तेव्हा नर्मदानं त्याला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. "मी बी चोरच," तो शेवटी म्हणाला. "अक्काला दुखवायचं नाही आणि तुझ्याशी बोललो तर अक्काला ऐकू जाईल. एवढ्या लहान घरात खरं बोलायला जागाच राहिली नाही बघ." हसायला गेला तर कपाळाचे टाके ओढले.

हात जुळला, पण क्रेन गेली. त्याला स्टोअरला दिलं. गोळ्यांचा अंमल उतरल्यावर त्याची उदासी ओसरली आणि नव्या प्रमाणात रोज एकच गोळी, तीही अक्कांच्या समोर, असं ठरलं. अक्का स्वतः गोळी तळहातावर ठेवून द्यायच्या आणि तो गिळेपर्यंत उभ्या राहायच्या. नर्मदाला द्यायच्या नाहीत.

नर्मदा हंसाच्या सासऱ्यांकडेही गेली. "काका, आमच्याकडे उतार पडला तो गोळीनं पडला होता. तुम्ही पालघरचं औषध सोडू नका." म्हातारा तिच्याकडे रोखून बघत राहिला. "त्या दिवशी पाला वाईट म्हणालात. आज गोळी चांगली म्हणता. तुमचं खरं तरी काय धरायचं, सूनबाई?" हंसानं मात्र त्यांना दुसऱ्याच दिवशी गाडीनं पालघरला नेलं. प्रेशर खूप वर निघालं. वेळेत गेले म्हणून निभावलं.

बन्सी आणि त्याच्याबरोबरचे दोघे नंतरही म्हणायचे, गोळ्यांचं ठीक आहे, पण त्या बाईची नजर काही साधी नाही.

बुधी पुन्हा चाळीत आली नाही. बाजारातही दिसली नाही. नर्मदाला पाड्यावर जायचं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस गेले. शेवटी एका सकाळी तिनं पुरणपोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि चालत निघाली. अक्कांनी कुठे जातेस विचारलं नाही. फक्त फडक्यावर तांदळाची पिशवी ठेवली.

बुधी मोहाखाली बसली होती. नवसीनं नर्मदाला पाहिलं आणि ती उठून आत निघून गेली. तिच्या कोपराला अजून खूण होती.

"मी चुकले, बुधीबाय," नर्मदा म्हणाली. उभ्या उभ्याच. बस असं कुणी म्हणालं नव्हतं.

तिनं तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि फडकं सोडून बुधीपुढे ठेवलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून आणि खरंच जाणून घ्यायचं म्हणूनही, तिनं विचारलं, "खरं सांगाल? त्या पाल्यानं उतरतं का हो?"

"कुणाला उतरतो, कुणाला नाय." बुधीनं कोंबडीला हाकललं. "तुज्या घरात नुसता पाला कुणी घेतलाच नाय, बाय. मंग कसा कळायचा?"

नर्मदानं पोळ्या तिच्याकडे सरकवल्या.

बुधीनं वरची पोळी उचलली, नाकाशी नेली, तिचे दोन तुकडे केले. एक नर्मदापुढे धरला.

"तू खा आदी."

नर्मदा खाली बसली आणि खायला लागली. बुधी तिच्या तोंडाकडे बघत होती, एकटक, शेवटचा घास जाईपर्यंत. मग तिनं दुसरा तुकडा फडक्यात परत ठेवला, फडकं बांधलं आणि ओसरीच्या कुडाला अडकवून दिलं.

"पानी पितेस का?" तिनं विचारलं.

"हो," नर्मदा म्हणाली. बुधीनं मडक्यातून पाणी काढून दिलं आणि नर्मदा ते प्यायली.